नऊ गुणांचा गेम पाच हजारांना घेतला आणि पस्तावलो, चूक कोणाची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या वाचनात वाटलं, नेहमीचीच तक्रार आहे, "रिव्ह्यूवाले विकले गेलेत" एवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की तुम्ही एका दमात तीन वेगळे प्रश्न विचारलेत आणि तिघांचा गुंता झालाय. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही जुळे सोलापूरला राहता, पहिलीच नोकरी. चार महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकून पीएस५वर ४,९९९ रुपयांचा एक गेम बाहेर पडला त्याच रात्री डाउनलोड केलात. सगळीकडे नऊ, साडेनऊ गुण होते. सहा तास खेळलात. गर्दीच्या चौकात आलं की गेम अडखळतो, कथा पुढे सरकत नाही, आणि पाच हजार मोजूनही आत पुन्हा कपड्यांचं नि तलवारींचं दुकान थाटलेलं आहे. मित्रांना सांगितलं तर म्हणे, "रडतोय काय बे, तुला गेमच कळला नाही." म्हणून तुम्ही विचारताय: समीक्षक पैसे खातात का, ही किंमत वाजवी आहे का, की मीच अवाच्या सवा अपेक्षा धरतोय? गेमचं नाव तुम्ही दिलंय, मी घेत नाही. घेतलं की त्याच नावावरून हाणामारी सुरू होईल आणि तुमचा प्रश्न बाजूला राहील.

माझी ओळख आणि माझा स्वार्थ, दोन्ही आधीच सांगून टाकतो. २००६पासून सोलापुरात माझं गेमिंग पार्लर आहे. सुरुवात सहा कॉम्प्युटरच्या नेट कॅफेने झाली, काउंटर-स्ट्राइक १५ रुपये तास. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. मॅच रंगात आली की लाईट जायची आणि अर्ध्या तासाचे पैसे द्यायचे की नाही यावर भांडणं व्हायची. आज कन्सोल आहेत, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची पीएस५सारखी मशीन. डिस्क भाड्याने देतो, जुन्या डिस्क घेतो-विकतो. नव्या डिस्कवर मला फार काही सुटत नाही, जुन्यावर बरं सुटतं. त्यामुळे माझा सल्ला जुन्याच्या बाजूला झुकतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आणखी एक. गेम कन्सोलवर खेळता की पीसीवर, डिस्क घेता की डाउनलोड, एकटे खेळता की चौघं मिळून, बाहेर पडल्यावर किती दिवसांनी घेता, यावर उत्तर बदलतं. पीसीवाल्याला मी वेगळं सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत कन्सोल, डाउनलोड, एकट्याने आणि पहिल्याच रात्री, असा योग जुळलाय. याहून महागात पडणारी दुसरी जुळणी मला तरी माहीत नाही.

आधी समीक्षकांचं घेऊ. पैसे खातात का? एक प्रकरण तर जगजाहीर आहे. २००७ साली गेमस्पॉट या साइटवर जेफ गर्स्टमन नावाच्या समीक्षकाने 'केन अँड लिंच'ला दहापैकी सहा गुण दिले. त्या वेळी साइटवर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावापुढे वरिष्ठ झुकले, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलं ते थेट २०१२मध्ये. म्हणजे दबाव असतो. पण एका नोकरीची गोष्ट लोक अजूनही सांगतात, त्यावरून मला वाटतं की थेट पाकीट घेऊन गुण वाढवणं हा रोजचा मामला नसावा. आपल्याकडच्या यूट्यूबवाल्यांचं जरा वेगळं आहे. तिथे पैसे घेऊन केलेला व्हिडिओ असतो, आणि तसं असेल तर ते स्पष्ट लिहा, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम जून २०२१पासून आहे. व्हिडिओच्या कोपऱ्यातली ती बारीक पट्टी आधी शोधायची, मग पुढचं ऐकायचं.

माझ्या मते पैशापेक्षा जास्त घोळ घालते ती घाई. समीक्षकाकडे गेम बाजारात येण्याच्या थोडे दिवस आधी येतो. कधी दहा, कधी चारच. अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही, अशी अट असते. ती वेळ झाली की सगळ्यांचे रिव्ह्यू एकदम सुटतात आणि ज्याचा उशिरा येतो त्याचा कोण वाचतो? म्हणून तो माणूस चाळीस तासांचा गेम पाच दिवसांत गिळतो. तुम्ही कामावरून आठला घरी येता, जेवता आणि झोपायच्या आधी तासभर खेळता. पाच दिवसांत सलग खेळणाऱ्याला कथेचा वेग बरा वाटतो. तुम्ही तेवढंच अंतर महिनाभर चालता, तर ती रेंगाळणारच. शिवाय त्याने तो गेम विकत घेतलेला नसतो. पाच हजारांची चाट खिशाला बसली की तलवारींचं दुकान जसं टोचतं, तसं फुकट मिळालेल्याला टोचत नाही. यात लबाडी नाही. जावयाला सासुरवाडीच्या जेवणाचं बिल माहीत नसतं, तसला प्रकार.

आणि त्याच्यासमोर येतो तो गेम तुमच्या टीव्हीवर येतो तोच असेल, असंही नाही. डिसेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा समीक्षकांना आधी मिळाली ती पीसीची आवृत्ती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायला बंदी होती. कंपनीने दिलेलाच वापरायचा. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, आकडा नव्वदच्या घरात गेला. १० डिसेंबरला पीएस४वाल्यांनी गेम उघडला आणि बोंबाबोंब झाली. आठवड्याभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, परत यायला जून २०२१ उजाडलं. समीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांनी चव घेतली ती एका ताटातली, लोकांना वाढलं दुसऱ्याच ताटातून. पुढे तोच गेम दुरुस्त होत गेला, २०२३मध्ये त्याचं रूप इतकं पालटलं की शिव्या घालणारेच परत आले. मग त्याचे खरे गुण कोणते, २०२०चे का २०२३चे?

आपल्या सोलापुरात चादर घेणारा जुना माणूस काय करतो? वजन बघतो, किनार बघतो, चिमटीत धरून वीण बघतो आणि तरीही म्हणतो, "एक धुणं होऊ दे, मग सांगतो." रंग सुटतो का, आटते का, हे दुकानात कळत नाही. रिव्ह्यू म्हणजे दुकानात चिमटीत धरून सांगितलेलं मत. बऱ्याच कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे. मार्च २०२४मध्ये 'ड्रॅगन्स डॉग्मा २' आला, गुण उत्तम होते, आणि विक्रीला लागला त्याच दिवशी पैसे टाकून घ्यायच्या वस्तूंची भलीमोठी यादी दुकानात लागली. रिव्ह्यू छापले गेले तेव्हा ते दुकान उघडलेलं नव्हतं. 'टेकन ८' जानेवारी २०२४मध्ये आला, त्यातलं पैशाचं दुकान उघडलं महिन्याभराने. तोवर रिव्ह्यू छापून, वाचून, विसरून झाले होते. तुमच्या गेममधलं दुकान रिव्ह्यूत का नव्हतं, याचं कारण बहुतेक हेच असणार.

आकड्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुम्ही आकडा बघून खरेदी केलीत. गेमच्या गुणपत्रिकेत शून्य ते सहा ही जागा जवळपास ओस पडलेली असते. सात म्हणजे 'ठीक', आठ म्हणजे 'बरा', नऊ म्हणजे 'घ्या'. शाळेत सत्तर टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथे सत्तर म्हणजे नाक मुरडायचं. आणि हा आकडा केवळ आपल्यासाठी नसतोच. २०१०च्या 'फॉलआउट: न्यू व्हेगस'च्या वेळी बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. गेला बोनस. तो गेम आजही लोक डोक्यावर घेऊन नाचतात. ज्या आकड्यावर लोकांचे पगार-बोनस टांगलेले असतात, तो गिऱ्हाईकाच्या सोयीचा राहील ही अपेक्षा भाबडी आहे.

मग खेळणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचायचे का? वाचायचे, पण बाजारातली अफवा ऐकतो तसे, दोन कान उघडे ठेवून. जून २०२०मध्ये 'द लास्ट ऑफ अस २' आल्याबरोबर काही तासांतच हजारो लोकांनी शून्य गुण टाकले. तेवढ्या वेळात तो गेम संपवणंच शक्य नव्हतं. मेटाक्रिटिकने मग खेळणाऱ्यांच्या गुणांसाठी ३६ तास थांबायचा नियम केला. उलट मे २०२४मध्ये 'हेलडायव्हर्स २'च्या पीसीवाल्यांवर प्लेस्टेशनचं खातं उघडण्याची सक्ती झाली, तेव्हा स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन लाखांहून जास्त वाईट रिव्ह्यू पडले आणि सोनीला दोन-तीन दिवसांत माघार घ्यावी लागली. तिथे राग रास्त होता आणि लागूही पडला. पण त्या दोन लाखांतून गेम खेळायला कसा आहे हे काही कळत नव्हतं. मी स्टीमवर रिव्ह्यू वाचतो तेव्हा आधी तास बघतो. दोन तासांत शिवी देणारा आणि तीनशे तास खेळून शिवी देणारा, यातला दुसरा मला जास्त शिकवतो.

आता खरा उपयोगाचा भाग. पार्लरमध्ये मी एक वही ठेवतो. कोणती डिस्क कोणी नेली, किती दिवसांनी आणली, पुन्हा मागितली का. सुरुवात झाली ती उधारीच्या नोंदीसाठी, पण आता तीच माझी मेटाक्रिटिक आहे. दोन गिऱ्हाईकं आहेत, दोघंही दहा वर्षं येताहेत. एक विजापूर रोडचा, त्याला बटणं दाबायला हवीत; पडद्यावर दोन माणसं बोलायला लागली की त्याचा जीव जातो. दुसरा अशोक चौकातला, घरी चार यंत्रमाग, रात्रपाळी करून येतो, त्याला शांतपणे गोष्ट ऐकायला आवडतं. पहिल्याने डिस्क आपटून "नुसती बडबड आहे हो अण्णा, बकवास" म्हटलं की मी ती दुसऱ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. इतक्या वर्षांत दोन-चार वेळाच चुकलो असेन. तुम्हाला असाच एक माणूस शोधायचाय, समीक्षक असो की यूट्यूबवाला की मित्र, ज्याची नावड तुम्हाला पाठ आहे. त्याचं तुमच्याशी पटलंच पाहिजे असं नाही. तो कशावर चिडतो एवढं ठाऊक असलं की त्याची शिवीही उपयोगी पडते. पन्नास अनोळखी लोकांच्या सरासरीला नावड नसते, म्हणून ती तुमच्या कामाची नाही.

'क्रिकेट ०७' आठवतोय? २००६च्या शेवटी आला. परदेशात त्याचं फार कौतुक झालं नाही. आपल्याकडे पोरं त्यात दरवर्षी नवे खेळाडू, नव्या जर्सी घालून अजून खेळतात. माझ्या एका जुन्या कॉम्प्युटरची जागा केवळ त्याच्यासाठी राखलेली आहे. कुठल्या समीक्षकाने हे आधी सांगितलं असतं? तो चुकला असं नाही, तो सोलापुरात राहत नव्हता एवढंच.

किंमत. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण यावरचा वाद बहुतेक वेळा दुसऱ्याच देशातला असतो. अमेरिकेतले लोक म्हणतात, २००५-०६पासून नवा मोठा गेम ६० डॉलरला होता, २०२०मध्ये ७० झाला; चौदा-पंधरा वर्षांत दहाच डॉलर वाढले, महागाई त्याहून जास्त वाढली, म्हणजे खरं तर गेम स्वस्त झाला. त्यांच्या अंगणात हे बरोबर आहे. आता आपलं गणित करा. २००६मध्ये डॉलर साधारण ४५ रुपयांचा होता, म्हणजे ६० डॉलर झाले २,७००. २०२०मध्ये डॉलर ७४च्या आसपास, म्हणजे ७० डॉलर झाले ५,१८०. तिकडे सहाव्या हिश्शाने वाढ, इकडे जवळपास दुप्पट. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये आला तेव्हा मोठ्या गेमवर ४,९९९ चिकटवलेलं होतं ते याच हिशोबाने. मशीन तेव्हा ४९,९९०चं, म्हणजे दहा गेम घेतले की अजून एक मशीन. आता काही गेमची मजल ८० डॉलरपर्यंत गेलीय. २०२५मध्ये निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' त्या भावाला काढला. मायक्रोसॉफ्टनेही 'द आउटर वर्ल्ड्स २'ला ८० जाहीर केले होते, ओरड झाल्यावर ७०वर आले. ओरडण्याचा उपयोग होतो तो असा.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्या पिढीला गेमची किंमत कळली ती नव्या पेठेच्या आसपास मिळणाऱ्या पन्नास रुपयांच्या नकली सीडीतून. चिप बसवलेला पीएस२, प्लास्टिकच्या पिशवीत दहा सीडी, पाचशे रुपये. मीही तेच केलं, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. तीच पन्नास रुपयांची फूटपट्टी डोक्यात राहिली आणि मग प्रत्येक खरी किंमत लुटालूट वाटायला लागली. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं दाखल झाली. आकडे काळ्या मार्करने झाकले होते, पण स्कॅन केल्यावर खालचं वाचता येत होतं! 'द लास्ट ऑफ अस २'ला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आणि दोनशेच्या आसपास माणसं, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटी २० लाख आणि तीनशे. एवढा पैसा लागतो. मात्र तो भरून काढण्यासाठी मूळ किमतीवर पुन्हा डीलक्स आवृत्ती, तीन दिवस आधी खेळायला मिळण्याचे वेगळे पैसे आणि आत दुकान, हे मला पटत नाही. फुकटच्या गेममध्ये दुकान असेल तर माझी काही तक्रार नाही. हॉटेलात थाळीचे पूर्ण पैसे घेऊन चटणीचे वेगळे मागणाऱ्याला आपण काय म्हणतो? आणि सोलापुरात तर शेंगाचटणी!

वाजवी किंमत कुठली, याला माझ्याकडे एकच एक उत्तर नाही. माझी वही एवढं सांगते की ४,९९९ ही गेमची किंमत कमी आणि पहिल्या दिवसाची किंमत जास्त आहे. एकट्याने खेळायच्या कथेच्या गेमची डिस्क माझ्याकडे चार-सहा महिन्यांत साधारण निम्म्यावर येते. फुटबॉल आणि कुस्तीचे दरवर्षी नवे निघणारे गेम तर पुढचा आला की कवडीमोल. आणि त्या सहा महिन्यांत गेम सुधारलेला असतो. म्हणजे जो आधी येतो तो जास्त पैसे मोजून कच्चा माल नेतो, जो मागून येतो तो निम्म्या भावात पक्का. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे चालतं सांगा!

माझेही हात यात पोळलेत. काही वर्षांपूर्वी एका दिवाळीत एका मोठ्या गेमच्या दहा डिस्क आगाऊ पैसे भरून मागवल्या. नाव नको. ट्रेलर असा होता की पोरं दोन महिने रोज विचारत होती. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तंबूबाहेर चित्र लावलेलं असतं बघा, अर्धी बाई अर्धी नागीण. आत गेल्यावर आरसा नि अंधार. तसंच झालं. आठ दिवसांत दहातल्या सात डिस्क परत आल्या, एक्स्चेंज द्या म्हणून. एका पोराने तर तोंडावर सांगितलं, "अण्णा, तुम्हीच म्हणला होता भारी असणार." बरोबरच होतं त्याचं. मीही ट्रेलरच पाहिला होता. तेव्हापासून न खेळलेल्या गेमबद्दल मी 'भारी' हा शब्द काढत नाही.

आता तिसरा प्रश्न, अपेक्षांचा. यात मी तुमच्या मित्रांच्याही विरुद्ध आहे आणि थोडा तुमच्याही. गेम अडखळता कामा नये ही अपेक्षा अजिबात जास्त नाही. पाच हजार मोजल्यावर पहिल्या दिवशी तो सुरळीत चालला पाहिजे, एवढं म्हणणं म्हणजे रडणं नव्हे. पण तुम्ही लिहिलंय, "पाच हजारांत निदान शंभर तास तरी मिळायला हवेत." हे तासांचं माप सोडा. माझ्या वहीतल्या कथेच्या डिस्क बहुतेक अर्ध्यावर परत येतात. स्टीमवर कुठल्याही लांबलचक गेमच्या अचिव्हमेंटची, म्हणजे कुठला टप्पा किती जणांनी गाठला त्याची, टक्केवारी उघडा, शेवटपर्यंत पोचलेले किती ते दिसेल. कंपन्यांनी तुमचं हे माप ऐकलं आणि नकाशे मोठे केले, त्यात शंभर झेंडे नि दोनशे पेट्या पेरल्या. तुम्हाला सहा तासांत कंटाळा आला तो त्या भरावाचाच असेल.

२०२३मध्ये 'बाल्डर्स गेट ३' यायच्या सुमारास दुसरे गेम बनवणाऱ्या काहींनीच सांगितलं की याला सगळ्यांची फूटपट्टी करू नका, असा गेम प्रत्येकाला परवडत नाही. खेळणारे भडकले. मला दोन्ही पटलं. तो गेम तीन वर्षं अर्धवट अवस्थेत लोकांना खेळायला देऊन घडवला होता. तेवढा वेळ नि पैसा किती जणांकडे असतो? पण खेळणाऱ्याला त्याचं काय? त्याने तर पूर्ण गेम पूर्ण पैशांत मिळताना पाहिला. २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्युअर' ५० डॉलरला आणि 'सिल्कसाँग' २० डॉलरला आला, तेव्हा हाच वाद उलट्या बाजूने झाला: एवढ्या स्वस्तात दिलात तर आमच्या छोट्या गेमचे कोण पैसे देणार? आपल्या पुण्यातल्या मंडळींनी २०२०मध्ये 'राजी' काढला. लहान आहे, काही तासांत संपतो, मारामारी जरा ओबडधोबड आहे. पण भिंतींवरची चित्रं नि ती गोष्ट माझ्या पार्लरमधल्या पोरांनी ज्या शांततेत पाहिली, ती शांतता मला शंभर तासांच्या गेममध्ये दिसलेली नाही.

इथवरचं एका दमात: गुण देणाऱ्याने बहुधा प्रामाणिकपणे दिले, पण ते वेगळ्या मशीनवर, वेगळ्या घाईत, फुकट मिळालेल्या गेमला दिले. किंमत पहिल्या दिवसाची होती. अपेक्षेतला अर्धा भाग रास्त आहे, अर्धा सोडण्यासारखा.

तुमच्यासारख्याला मी काउंटरवर सांगतो ते असं. कन्सोल असेल आणि त्याला डिस्कची फट असेल तर डिस्कच घ्या. आवडली नाही तर विकता येते. डाउनलोड तुमच्याच खात्यात अडकून पडतं. पीसीवाल्यांना स्टीमवर २०१५पासून सोय आहे: चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. प्लेस्टेशनच्या दुकानात चौदा दिवस आहेत खरे, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क गेला. माल सदोष असेल तरच दाद. डिस्क म्हणजे अमरपट्टा असंही समजू नका. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम सर्व्हरवर चालायचा. तो काढणाऱ्या यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाल्यांच्या हातात फक्त चकती उरली. त्यातूनच 'गेम मारू नका' ही मोहीम उभी राहिली, युरोपात तिला दहा लाखांवर सह्या मिळाल्या. म्हणून ऑनलाइनशिवाय न चालणाऱ्या गेमवर मी स्वतः मोठी रक्कम टाकत नाही.

कथेचा गेम असेल तर तीन महिने थांबा, तोवर मागचे गेम खेळा. चौघं मिळून खेळायचा असेल तर मात्र थांबू नका, कारण तीन महिन्यांनी मित्र दुसरीकडे गेलेले असतात. तिथे पहिल्या आठवड्याचे पैसे वसूल होतात. आणि रिव्ह्यू वाचताना शेवटचा आकडा हाताने झाकून मधला परिच्छेद वाचा, जिथे 'पण' येतो. खरी माहिती बहुतेक वेळा त्या 'पण'नंतर असते. तुमच्या गेमचा एक नऊ गुणांचा रिव्ह्यू मी काढून वाचला. त्यात सरळ लिहिलंय की शहरात गेम मंदावतो. एकच ओळ आहे, पण आहे.

सध्याच्या गेमचं काय करायचं? सेटिंगमध्ये जाऊन चित्राच्या दर्जाऐवजी वेगाला प्राधान्य देणारा पर्याय निवडा. गर्दीच्या चौकातलं अडखळणं त्याने कमी होऊ शकतं. तरीही अडकत असेल तर कंट्रोलरवरच्या बटणाने दोन-तीन ठिकाणचं रेकॉर्डिंग करा आणि गेम सदोष आहे असं लिहून आजच परताव्याचा अर्ज टाका. मिळेलच असं नाही, पण उशीर करण्यात अर्थ नाही. नाही मिळाला तर सहा तासांवर ठेवून द्या, काढून टाकू नका. दोन-तीन मोठे अपडेट येऊन गेल्यावर पुन्हा उघडा.

शेवटी तुम्ही विचारलंय, जीटीए ६ आगाऊ बुक करू का. तो बनवणाऱ्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिलीय, आणि याआधी दोनदा ती पुढे ढकलली आहे. डाउनलोडचा गेम संपत नाही, त्यामुळे आगाऊ पैसे अडकवून तुमच्या हाती काहीच लागत नाही. डिस्क आली तरी आपल्या गावात तुटवडा पडला तर चार दिवसांचा. तुम्ही थांबा. मी मात्र चार घेणार आहे आणि पहिल्याच दिवशी घेणार आहे, कारण पोरं सकाळी नऊला शटरसमोर उभी असतील. पण मला त्या तासाच्या भाड्याने चार महिन्यांत वसूल करायच्या आहेत. तुम्हाला एकट्याला रात्री तासभर खेळायचंय.